मोबाईलवरील खेळाचे व्यसन : ओळख, कारणे व उपाय



या पत्रिकेतून बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्यातील पाचट, पाणी नियोजन अशा विषयांवर आम्ही आपल्याशी वरचेवर बोलत असतो. यावेळचा विषय उसाचा नाही, आपल्या घरातील मुलांचा आहे. शेतकी खात्याने यात का पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की, ऊस नोंदीला आणि प्लॉट पाहणीला आम्ही बांधावर येतो, तेव्हा उसाचे बोलणे संपले की बरेच सभासद हळूच दुसरी गोष्ट काढतात. "साहेब, पोरगं रात्रभर मोबाईलवर गेम खेळतंय. बोलायला गेलं तर अंगावर येतंय. जेवायचंसुद्धा भान नाही. काय करावं सांगा." बोलताना आवाज खाली येतो, कारण शेजारच्या बांधावरच्याला कळू नये. अशी घरे एकाच गावात दोन-चार निघतात आणि प्रत्येकाला वाटते की हे आपल्याच नशिबी आले.

म्हणून या विषयाची माहिती वाचून आणि डॉक्टर मंडळींना विचारून ती सोप्या भाषेत येथे देत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. पण रोगाची ओळख पटली म्हणजे औषध कोणाकडे मागायचे ते कळते, एवढे पिकांवरून आम्हाला ठाऊक आहे.

व्यसन कशाला म्हणावे?

पहिली गोष्ट अशी की, मोबाईलवर खेळणारा प्रत्येक मुलगा व्यसनी नसतो. १७ देशांतील ५३ अभ्यास एकत्र करून शास्त्रज्ञांनी जो हिशेब मांडला, त्यात हा विकार साधारण शंभरात दोन ते तीन जणांना असल्याचे दिसले. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाने २०२१ साली दोन खेळांच्या तीन हजारांवर खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात जास्त वेळ खेळणारे लोक थोडे अधिक समाधानी निघाले. म्हणजे नुसत्या तासांवरून रोग ठरत नाही. सुट्टीच्या दिवशी दोन तास खेळला म्हणून पोराला व्यसनी ठरवू नये.

मग रोग कधी समजावा? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये आजारांची जी नवी यादी मंजूर केली आणि जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात खेळाच्या या विकाराला स्वतंत्र जागा दिली आहे. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत.

१) खेळावर ताबा राहत नाही. कधी सुरू करायचा, किती वेळ खेळायचा, कधी थांबायचे, हे त्याच्या हातात उरत नाही.

२) खेळ सगळ्यांच्या पुढे जातो. अभ्यास, काम, जेवणखाण, मित्र, घरचे कार्य, सगळे मागे पडते.

३) नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही खेळ चालूच राहतो किंवा वाढतो.

या तिन्ही खुणा असून त्यापायी शिक्षण, काम वा घरसंसार खरोखर बिघडला असेल आणि असे साधारण बारा महिने चालले असेल, तर डॉक्टर त्याला विकार म्हणतात. लक्षणे फारच तीव्र असतील तर याहून कमी काळातही ते निदान करतात.

घरातील माणसाला दिसणाऱ्या खुणा निराळ्या. मोबाईल काढून घेतला की मुलगा चिडतो, घाबराघुबरा होतो. किती खेळलो याबद्दल खोटे बोलतो. दिवसा झोपतो, रात्री जागतो. पूर्वी तालमीला किंवा मैदानावर जायचा, ते सोडून देतो. चारचौघांत बसत नाही. घरातील पैसे कमी होऊ लागतात. यातील एखादी खूण वयाचा भाग असू शकते. तीन-चार एकदम दिसल्या तर मात्र लक्ष द्यावे.

हे खेळ सुटत का नाहीत?

पुष्कळ आई-वडील म्हणतात, "मनावर घेतलं तर काय सुटत नाही होय?" या प्रश्नाचे उत्तर समजून घेतले पाहिजे. मुलाच्या मनाचा कमकुवतपणा एवढेच त्याचे कारण नसते. हे खेळ सुटू नयेत अशाच बेताने बांधलेले असतात.

अमेरिकेतील बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दाणा, असे ठरलेले असले आणि पुढे दाणा बंद झाला, तर कबुतर लवकर थांबते. पण दाणा कधी तिसऱ्या टोच्याला, कधी तिसाव्या टोच्याला, असा बेभरवशाने मिळू लागला, तर ते टोचतच राहते. दाणा बंद झाल्यावरही फार वेळ टोचते. मटक्याचा आकडा लावणाऱ्याचे हेच होते. मोबाईलच्या खेळात पेटी उघडली की कधी भारी हत्यार निघते, कधी काहीच नाही. याच कारणाने पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना बेल्जियम देशाने २०१८ साली जुगार ठरवले.

दुसरे कारण मेंदूत आहे. लंडनमध्ये आठ पुरुषांना रणगाड्याचा खेळ खेळायला देऊन त्यांच्या मेंदूची तपासणी केली गेली. तो अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. खेळताना त्यांच्या मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य वाढल्याचे दिसले. हे द्रव्य 'पुन्हा कर, पुन्हा कर' अशी ओढ लावते. भूक लागल्यावर भाकरी दिसली की जी ओढ वाटते, तिच्यातही याच द्रव्याचा हात असतो. म्हणजे ते वाईट नव्हे. पण तीच नस दिवसभर दाबत राहिले की साध्या गोष्टींची गोडी कमी वाटू लागते.

तिसरे कारण, या खेळाला शेवट नाही. कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांत संपतो, सिनेमा तीन तासांत. हा खेळ संपत नाही. एक डाव झाला की दुसरा तयार. रोज हजेरी लावली नाही तर मिळवलेले मागे पडते. शिवाय चार जणांची टोळी करून खेळायचे असते. मध्येच उठले तर बाकीचे तिघे हरतात आणि शिव्या देतात. आई जेवायला हाक मारते तेव्हा मुलगा "आलो, आलो" म्हणतो आणि उठत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

मनाच्या आजाराशी याचे नाते काय?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. खेळामुळे मन बिघडते, की मन बिघडलेले असते म्हणून मुलगा खेळात शिरतो? दोन्ही खरे आहे.

सिंगापूर येथे तीन हजारांवर शाळकरी मुलांची दोन वर्षे पाहणी करण्यात आली. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. जी मुले उतावळ्या स्वभावाची होती, ज्यांना चारचौघांत मिसळणे जमत नव्हते आणि जी मुळातच जास्त तास खेळत होती, ती या व्यसनात अधिक अडकली. अडकल्यानंतर त्यांच्यात उदासी, चिंता आणि लोकांची भीती वाढली, शाळेतील गुणही घसरले. पण त्याच पाहणीत आशेचीही गोष्ट आहे. जी मुले या व्यसनातून बाहेर पडली, त्यांची उदासी आणि चिंता कमी झाली.

आपल्या भाषेत सांगायचे तर हे पाणथळ जमिनीसारखे आहे. पाणी साचले की उसाची मुळी कुजते. मुळी कुजली की ती पाणी ओढत नाही. पाणी ओढले जात नाही म्हणून रान आणखी पाणथळ होते. वरून पाने पिवळी दिसतात. अशा वेळी पान पिवळे पडले म्हणून युरियाची पोती टाकली तर खत वाया जाते आणि ऊस काही सुधारत नाही. तेथे चर काढावा लागतो आणि पाण्यालाही आवर घालावा लागतो. मुलाच्या हातातील मोबाईल हे पिवळे पान आहे. मुळी कोठे कुजली आहे ते पाहिल्याशिवाय नुसता मोबाईल हिसकावून भागत नाही.

ही मुळी कुजते कशाने? आपल्या भागातील कारणे आपल्याला ठाऊक आहेत. मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाईल आला. शाळा पुन्हा सुरू झाल्या, मोबाईल हातातच राहिला. काही मुले शहरातील कॉलेजला गेली, तेथे जमले नाही, विषय राहिले आणि घरी परत आली. कोणी पोलीस भरतीच्या, कोणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीत चार-पाच वर्षे घालवून रिकामा बसला आहे. शेती करणाऱ्या मुलाचे तिसाव्या वर्षीही लग्न जमत नाही, हे दुःख तर घरोघर आहे. अशा मुलाला बाहेर कोणी मान देत नाही. खेळात मात्र त्याला नाव आहे, हुद्दा आहे, त्याची वाट पाहणारे मित्र आहेत. तो तेथे का जातो, हे यावरून समजावे.

त्यातच झोप मोडते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी सातला उठणाऱ्याला ती अर्धीच मिळते. झोप मोडली की चिडचिड, उदासी आणि विसराळूपणा वाढतो. मग काही करावेसे वाटत नाही, म्हणून पुन्हा खेळ. रहाट असा फिरत राहतो.

एका गटातील उदाहरण सांगतो. गाव आणि नाव सांगणार नाही. वडिलांनी संतापाने मुलाचा मोबाईल दगडावर आपटून फोडला. मुलगा दोन दिवस जेवला नाही, खोलीचे दारही उघडेना. शेवटी आईने धीर करून त्याला जिल्हा रुग्णालयात नेले. तेथे डॉक्टरांनी तासभर बोलून पाहिल्यावर कळले की, मुलगा होस्टेलवर असल्यापासूनच उदास होता, झोप येत नव्हती, मरणाचे विचार येत होते आणि ते विसरण्यासाठी तो खेळत होता. उदासीवर उपचार सुरू झाले. पाच-सहा महिने लागले. आज तो घरच्या ठिबकाचे वेळापत्रक आणि खताचा हिशेब पाहतो. रविवारी थोडा वेळ खेळतोही. त्याचे वडील आम्हाला म्हणाले, "फोन फोडून माझा राग गेला, त्याचं दुखणं तिथंच राहिलं."

पैशाचे खेळ हा वेगळा धोका

रमी, आकडे, क्रिकेटचा संघ लावून पैसे जिंकण्याचे खेळ, हे साधे खेळ नव्हेत. यात मुलांपेक्षा कर्ती माणसे अधिक सापडतात. ऊस बिल बँकेत जमा होते आणि त्याच खात्याला मोबाईल जोडलेला असतो. हरलेले पैसे परत मिळवायच्या नादात आणखी लावले जातात. पुढे हातउसने, मग सावकार. घरी कळते तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. अशा वेळी शरमेने माणूस जिवाचे बरेवाईट करून घेण्यापर्यंत जातो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा नवा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळण्याच्या सर्व ऑनलाईन खेळांवर बंदी आहे. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून जो यात फसला असेल त्याने भिऊन लपवू नये, घरी सांगावे. कोणी फसवणुकीने खात्यातून पैसे काढले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

बंदीने प्रश्न सुटतो काय?

पुष्कळ सभासद म्हणतात की सरकारने सगळेच खेळ बंद करावेत. इतरांनी काय केले ते पाहू. दक्षिण कोरियाने २०११ साली १६ वर्षांखालील मुलांना रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाईन खेळ बंद केले. दहा वर्षांनी तो कायदा त्यांनी मागे घेतला, २०२२ च्या आरंभापासून तो राहिला नाही. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढीच मुभा दिली. तेथे मुले वडीलधाऱ्यांच्या नावाने खेळू लागल्याच्या तक्रारी आल्या. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी बंद झाला. मुले दुसऱ्या खेळांकडे वळली आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ वेगळ्या नावाने परत आला. कायदा हवाच, विशेषतः पैशाच्या खेळांना. पण कायदा वेशीपर्यंत येतो. घरातले काम घरच्यांनीच करावे लागते.

घरी काय करावे?

१) मोबाईल एकदम हिसकावू नये, फोडू नये, मारहाण करू नये. त्याने मुलगा तुटतो. खेळ कमी करायचा तो बोलून, ठरवून आणि टप्प्याटप्प्याने.

२) आधी पंधरा मिनिटे शेजारी बसून तो काय खेळतो ते पाहावे. "मला शिकव" म्हणावे. एवढ्याने मुलगा बोलू लागतो. बोलू लागला की खेळ सोडून दुसरी गोष्ट विचारावी : झोप लागते का, कोणाचा त्रास आहे का, कशाची भीती वाटते.

३) रात्री साडेनऊनंतर घरातील सर्वांचे मोबाईल माजघरात एका जागी चार्जिंगला लावावेत. सर्वांचे, म्हणजे वडिलांचासुद्धा. आपण स्वतः अंथरुणात व्हिडिओ पाहत मुलाला उपदेश केला तर तो ऐकणार नाही.

४) हाक मारण्याआधी दहा मिनिटे सूचना द्यावी. "हा डाव संपला की जेवायला ये" असे सांगितले तर भांडण निम्मे कमी होते.

५) जेवढा वेळ खेळातून काढाल तेवढा दुसऱ्या कशाने भरावा. तालीम, कबड्डी, व्हॉलीबॉल, पोहणे, भजनी मंडळ, जे त्याला आवडेल ते. शेतातील एखादे काम त्याच्या अखत्यारीत द्यावे. मात्र शिक्षा म्हणून देऊ नये. पाण्याच्या पाळ्या, औषधांचा हिशेब, ऊस नोंदीची कागदपत्रे, यातील एक काम त्याचे आणि त्यात आपण ढवळाढवळ करायची नाही.

६) पाहुण्यांसमोर, भावकीसमोर अपमान करू नये. "अमक्याचा पोरगा बघ" हे वाक्य घरातून काढून टाकावे.

७) बँकेचा पिन मुलांना देऊ नये. ऊस बिलाच्या खात्याला जोडलेला मोबाईल खेळण्यासाठी देऊ नये. खात्याचे संदेश रोज पाहावेत.

८) "लग्न करून द्या, सुधारेल" हा सल्ला ऐकू नये. त्याने एका घराचे दुखणे दुसऱ्या घरच्या मुलीच्या गळ्यात पडते. गंडेदोरे, अंगारे यांतही वेळ घालवू नये.

आणि हे केवळ मुलांचेच आहे असे समजू नये. मुलीही यात सापडतात. त्या घरात गप्प बसतात, म्हणून लक्षात यायला उशीर होतो एवढेच.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

वरील गोष्टी दोन-तीन महिने करून फरक पडला नाही, शाळा-कॉलेज किंवा काम सुटले, झोप व जेवण पार बिघडले, तर डॉक्टरांना दाखवावे. मुलगा "मला जगायचं नाही" असे बोलला, किंवा स्वतःला इजा करू लागला, तर एक दिवसही थांबू नये. 'नाटक करतोय' म्हणून सोडून देऊ नये. त्याला एकटे ठेवू नये आणि घरातील तणनाशक, कीटकनाशक कुलपात ठेवावे. ऊस उत्पादकाच्या घरी ही औषधे हाताशी असतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांचा विभाग असतो. तेथे जाणे म्हणजे वेड्यांच्या दवाखान्यात जाणे नव्हे. या व्यसनासाठी मुख्यतः बोलण्याचे उपचार असतात. विचारांची आणि सवयींची घडी हळूहळू बदलली जाते, आई-वडिलांनाही सोबत बसवतात. उदासी किंवा चिंता जास्त असेल तरच औषधे देतात. बंगळूरच्या निम्हान्स या केंद्रीय संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून खास विभाग चालतो. तेवढे लांब जाणे जमत नसेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक फिरवावा. केंद्र सरकारने तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. रात्री-अपरात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. मुलगा तयार नसेल तर आई-वडिलांनी स्वतः फोन करून सल्ला घ्यावा.

सभासदांना आमची एवढीच विनंती आहे की, ही गोष्ट झाकून ठेवू नये. तांबेरा दिसला की आपण पान तोडून गट कार्यालयात आणता, त्यात कोणी कमीपणा मानत नाही. मुलाच्या मनाचे दुखणेही तसेच वेळेत दाखवावे. १४४१६ हा क्रमांक ऊस नोंद वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, आणि शेजारच्या बांधावरच्यालाही सांगावा. त्याच्या घरीही हीच काळजी असेल.

कळावे,
ऊस विकास अधिकारी